कुळकथा आणि कागद



कुलवृत्तांत चाळण्याचा छंद मला तरुणपणापासून आहे. त्यांतील मूळ पुरुष बहुधा पराक्रमी असतो. घरातील स्त्रियांची नावे मात्र पुष्कळदा सापडतच नाहीत. म्हणून आज मी दूरदेशीच्या अशा एका घराण्याची हकिकत सांगणार आहे, की ज्याचा ‘मूळ पुरुष’ एक स्त्री आहे आणि तीही गुलाम म्हणून जन्मलेली.

अमेरिकेत लुईझियाना राज्यात नॅकटिश नावाचे जुने गाव आहे. मारी तेरेझ क्वँक्वँ १७४२ मध्ये तेथे जन्मली. तो मुलूख तेव्हा फ्रेंचांचा होता. पुढे स्पॅनिश अंमल आला आणि १८०३ मध्ये अमेरिकेने तो विकत घेतला. मेत्वाये नावाच्या फ्रेंच व्यापाऱ्यापासून तिला दहा मुले झाली. १७७८ मध्ये त्याने तिला विकत घेऊन दास्यमुक्त केले. पुढे जमिनीच्या लहानशा तुकड्यावर तिने तंबाखू पिकवली आणि गुलामीत राहिलेली आपली मुले एकेक करून सोडवून घेतली. तिचे वंशज केन नदीकाठी मोठे जमीनदार झाले. तिचा मुलगा ऑगस्टिन याने स्थापलेल्या चर्चशी त्यांची नाळ आजही जुळलेली आहे.

मेलरोझ येथील प्रसिद्ध वाडी तिनेच वसवली, अशी कथा दीर्घकाळ सांगितली जाई. गॅरी मिल्स आणि एलिझाबेथ शोन मिल्स या दांपत्याने बाप्तिस्म्याच्या नोंदी, खरेदीखते व जमिनीचे दाखले तपासले. ती जमीन तिची नव्हे, तर तिचा मुलगा लुई याची ठरली. गॅरी मिल्स यांचा या समाजावरील ग्रंथ १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला. कागदांनी आणखी एक कटू गोष्ट उघड केली: स्वतः गुलामीतून सुटलेल्या या कुटुंबानेही पुढे गुलाम बाळगले होते.

त्या गुलामांचे वंशज आपले पूर्वज कोठे शोधणार? १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांची नोंद मालकाच्या नावाखाली होई. वय, लिंग, वर्ण एवढेच लिहीत. नाव बहुधा नसेच. ती माणसे आपापल्या नावानिशी सरसकट नोंदली गेली, ती १८७० मध्ये. त्यामागचा माग काढायचा, तर मालकाची मृत्युपत्रे आणि मालमत्तेच्या याद्या वाचाव्या लागतात. गुराढोरांच्या, भांड्याकुंड्यांच्या ओळींमध्ये आपली पणजी शोधावी लागते.

या सत्याने क्वँक्वँ लहान होते काय? मला तसे वाटत नाही. वाडी तिच्याकडून गेली. पण मुलांना सोडवणारी आई कागदांवर पक्की उभी राहिली. कुळकथा पूर्वजांना मखरात बसवते. कागद त्यांना माणसांत आणतात.

मित्रहो, आपापल्या घराण्याचा इतिहास अवश्य लिहा. लिहिताना आजीचे माहेरचे नाव विसरू नका. आणि आपल्या अंगणात ज्यांनी जन्मभर राबून आपले घर चालवले, त्यांचीही नावे, आठवत असतील तोवर, लिहून ठेवा.