दारासिंग खरंच जगज्जेते होते का? सिंगापूर ते मुंबई, एका पैलवानाच्या कारकिर्दीची संपूर्ण माहिती

रोहणा (ता. आर्वी) : पोळ्याचे दिवस जवळ आले की आपल्या भागात दंगलीच्या गप्पा सुरू होतात. परवा पानटपरीवर असाच वाद रंगला. पोट्टे मोबाईलवर खलीच्या कुस्त्या पाहत होते. बाजूला बसलेले एक काका म्हणाले, "हे सारं नाटक आहे रे. खरा पैलवान म्हणजे दारासिंग, जगज्जेता!" त्यावर एक पोरगं म्हणालं, "काका, दारासिंग पण रिंगमध्येच लढत होते ना? मग ते खरं कसं?" काका गप्प झाले. खरं सांगायचं तर मलाही चटकन उत्तर सुचलं नाही. म्हणून घरी येऊन जमेल तेवढी माहिती गोळा केली. आपल्या वाचकांसाठी ती इथं देत आहे.

थोडक्यात ओळख

पूर्ण नाव दारासिंग रंधावा. जन्म १९ नोव्हेंबर १९२८, पंजाबातल्या धरमूचक गावात, शेतकरी घरात. उंची सहा फूट दोन इंच, वजन भरात असताना १३० किलोच्या जवळपास. धाकटे भाऊ सरदारासिंग, म्हणजे 'रंधावा', हेही पैलवान आणि नट होते. दारासिंगांचं निधन १२ जुलै २०१२ रोजी मुंबईत, राहत्या घरी झालं.

आपल्या पिढीला ते 'रामायण' मालिकेतले हनुमान म्हणूनच माहीत आहेत. १९८७-८८ मध्ये रविवारी सकाळी दूरदर्शनवर ती मालिका लागायची. ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या अंगणात अर्धं गाव. आम्ही लहान पोरं तर त्यांना माणूस मानायलाच तयार नव्हतो. पण हनुमान होण्याआधी ३० वर्षांहून जास्त काळ त्यांनी कुस्तीवर पोट भरलं होतं.

सुरुवात सिंगापुरातून

देशाला स्वातंत्र्य मिळालं त्याच सुमारास तरुण दारासिंग कामधंद्यासाठी सिंगापूरला गेले. तिथं ड्रम बनवण्याच्या कारखान्यात काम केलं आणि 'ग्रेट वर्ल्ड' स्टेडियमवर हरनामसिंग या वस्तादांकडे तालीम घेतली. सिंगापूर आणि मलायात तेव्हा तिकीट लावून कुस्त्या व्हायच्या. भरवणारा तिकिटाचे पैसे गोळा करायचा आणि पैलवानाला मेहनताना द्यायचा. क्वालालंपूरला तरलोकसिंगांना हरवून दारासिंग मलायाचे विजेते झाले आणि १९५२ मध्ये भारतात परतले.

इथं एक गोष्ट लक्षात घ्या. आपल्या गावच्या दंगलीत वर्गणी गोळा होते, पंच जोड लावतात, जिंकणाऱ्याला इनाम किंवा चांदीचं कडं मिळतं. हरणारा रिकाम्या हातानं, नाहीतर फार तर गाडीभाडं घेऊन जातो. सिंगापुरात तसं नव्हतं. तिथं हरणाऱ्यालाही पैसे मिळत, कारण लोक दोघांना पाहायला तिकीट काढत. यालाच व्यावसायिक कुस्ती म्हणतात. भरवणाऱ्याला 'प्रमोटर' म्हणतात. खली ज्यात लढला ती डब्ल्यूडब्ल्यूई ही अशीच एक मोठी प्रमोटर कंपनी आहे.

मुंबईतली 'फ्रीस्टाईल'

भारतात आल्यावर दारासिंगांनी मुंबई धरली. १९५४ मध्ये मुंबईतच टायगर जोगिंदरसिंगांना हरवून त्यांनी 'रुस्तम-ए-हिंद' किताब मिळवला. पुढं वरळीचं वल्लभभाई पटेल स्टेडियम त्यांच्या कुस्त्यांनी गाजलं. त्यांची सगळ्यात गाजलेली जोड किंग काँगसोबत. हा हंगेरीकडचा पैलवान, खरं नाव एमिल झाया, वजन २०० किलोच्या घरात. एवढ्या मोठ्या देहाला दारासिंग उचलून आपटतात, हेच पाहायला लोक जमायचे.

या कुस्त्यांना तेव्हा सगळे 'फ्रीस्टाईल' म्हणत. आजही गावात यावरून घोळ होतो. ऑलिंपिकमधली फ्रीस्टाईल वेगळी. ती गादीवर होते, वजनगट असतात, तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि गुण असतात. दारासिंगांची फ्रीस्टाईल दोरांच्या रिंगमध्ये, तिकीट लावून होणारी.

तीन मोठे किताब, पण कोणाचे?

आता मुद्द्याचं. दारासिंगांच्या नावावर रुस्तम-ए-हिंद, राष्ट्रकुल विजेता आणि जगज्जेता असे तीन मोठे किताब सांगितले जातात. तिन्ही खरेच त्यांना मिळाले. फक्त ते देणारं कोण, ते पाहायला पाहिजे.

राष्ट्रकुल किताब १९५९ मध्ये कलकत्त्यात मिळाला. समोर कॅनडाचे जॉर्ज गोर्डिएन्को होते. याचा राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धेशी संबंध नाही. त्या स्पर्धेत कुस्तीचं सुवर्ण एक वर्ष आधी, १९५८ मध्ये कार्डिफला, हरियाणाच्या लीलाराम यांनी आणलं होतं. दोन्हीकडं 'राष्ट्रकुल' शब्द आहे, म्हणून गोंधळ होतो.

जगज्जेतेपद २९ मे १९६८ रोजी मुंबईत मिळालं. त्यांनी अमेरिकेच्या लू थेझ यांना हरवलं. थेझ हे व्यावसायिक कुस्तीतलं फार मोठं नाव, पकडीत अव्वल. पण तेव्हा त्यांचं वय ५२ होतं, दारासिंगांचं ३९. आणि अमेरिकेतल्या 'नॅशनल रेसलिंग अलायन्स'चा जगज्जेता पट्टा थेझ यांनी जानेवारी १९६६ मध्येच जीन किनिस्की यांच्याकडं गमावला होता. म्हणजे एकाच वेळी जगात एकापेक्षा जास्त 'जगज्जेते' होते. व्यावसायिक कुस्तीत असंच असतं. पट्टा कंपनीचा असतो. कंपनी ज्याच्या कमरेला बांधेल, तो तिचा जगज्जेता.

मग ते लुटूपुटीचं होतं का?

व्यावसायिक कुस्तीत निकाल आधी ठरवायची पद्धत जगभर होती आणि आजही आहे. आपल्याकडं अशा कुस्तीला 'नूरा कुस्ती' म्हणतात. डब्ल्यूडब्ल्यूईनं तर स्वतःच हे मनोरंजन आहे असं मान्य केलं आहे. त्यामुळं '५०० कुस्त्या, एकदाही हार नाही' हे जे सांगितलं जातं, ते जाहिरातीच्या हिशेबात धरावं. सातबाऱ्यासारखा तो पक्का उतारा नाही.

पण म्हणून दारासिंगांची ताकद खोटी होत नाही. निकाल ठरवता येतो, २०० किलोचं वजन ठरवून हलकं होत नाही. ते उचलायला मान, कंबर, गुडघे लागतात. जोर-बैठका आणि खुराक लागतो. खाली पडणाऱ्यालाही रोज फळीवर आपटून घ्यावं लागतं. काकांचं अर्धं खरं आणि पोराचंही अर्धं खरं, असा हा हिशेब आहे.

त्याच साली आपले खाशाबा

दारासिंग भारतात परतले त्याच १९५२ साली कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव हेलसिंकी ऑलिंपिकला गेले. जायला पैसे नव्हते. वर्गणी काढली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी त्यासाठी स्वतःचं घर गहाण ठेवलं. खाशाबांनी कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पुढं १९५५ मध्ये ते पोलीस खात्यात फौजदार म्हणून लागले आणि नोकरीवरच संसार केला. १९८४ मध्ये रस्ते अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तोही मरणोत्तर.

एकाची कुस्ती शंभर टक्के खरी, पण तिनं पोट भरलं नाही. दुसऱ्याची तिकिटावरची, तिनं त्याला मुंबईत घर दिलं. कोण मोठा हे मी ठरवणार नाही. पण पोराला तालमीत घालणाऱ्या बापानं हे दोन्ही रस्ते माहीत करून घ्यावे.

दारासिंगांची खरी हुशारी

शरीर कायम साथ देत नाही, हे त्यांनी वेळेवर ओळखलं. १९६२ मध्ये 'किंग काँग' नावाच्याच सिनेमात ते नायक झाले, १९६३ मध्ये 'फौलाद' आला. १९७८ मध्ये मोहालीला स्वतःचा स्टुडिओ उभा केला. कुस्तीतून निवृत्ती १९८३ मध्ये दिल्लीत घेतली, तेव्हा हातात दुसरा धंदा तयार होता. २००३ ते २००९ ते राज्यसभेवर नियुक्त खासदार होते. २०१८ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईनं त्यांचं नाव मरणोत्तर आपल्या मानाच्या यादीत घेतलं.

तोच रस्ता, नवा पैलवान

खलीची कहाणी त्याच वाटेची. खरं नाव दलीपसिंग राणा, हिमाचलमधल्या सिरमौर जिल्ह्यातल्या धिराईना गावचा. आधी मजुरी, मग पंजाब पोलीस. २००० मध्ये अमेरिकेतल्या ऑल प्रो रेसलिंगमध्ये सुरुवात, २००१ मध्ये जपानच्या न्यू जपान कंपनीत, २००६ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईत. जुलै २००७ मध्ये आधीचा विजेता एज जखमी झाल्यानं पट्टा रिकामा झाला आणि तो खलीकडं आला. दोन महिन्यांत बटिस्टाकडं गेलाही. २०१४ मध्ये कंपनी सुटली आणि २०१५ मध्ये खलीनं जालंधरला स्वतःची संस्था काढली. आपल्या राज्यातही पुण्याच्या बालेवाडीत 'रिंग का किंग' नावाचा असा खेळ चित्रित झाला होता. २०१२ मध्ये तो टीव्हीवर दाखवला, पण एकाच हंगामात आटोपला. कंपनी आज आहे, उद्या नाही.

पोट्ट्यांनो, हे ध्यानात ठेवा

• सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. त्यासाठी मान्यताप्राप्त स्पर्धेचं प्रमाणपत्र लागतं. दंगलीतलं कडं किंवा रिंगमधला पट्टा तिथं चालत नाही.

• डब्ल्यूडब्ल्यूईचे पैलवानसुद्धा कंपनीचे नोकर नसतात, कंत्राटावर असतात. कोणत्याही रिंगमध्ये किंवा दंगलीत उतरण्याआधी विचारा, हात-पाय मोडला तर दवाखान्याचं बिल कोण भरणार?

• व्हिडिओ पाहून घरी कोणाला आपटू नका. ते लोक पडायचं कसं हे वर्षानुवर्षं शिकलेले असतात.

• शाळा सोडू नका. आपल्या देवळीचे रामदास तडस विदर्भ केसरी झाले आणि पुढं २०१४ व २०१९ मध्ये वर्ध्याचे खासदार. कुस्तीनंतरही आयुष्य असतं.

काकांना हे सगळं वाचून दाखवलं. ते थोडा वेळ विचार करत बसले आणि म्हणाले, "पट्टा कोणाचा का असेना, गडी तर आपला होता ना?" हो काका, गडी आपला होता.