उपलेट

उपलेट : (सं. कुष्ठ, हिं. कुट, कुठ). सूर्यफुलाच्या कुलातील ही बहुवर्षायू वनस्पती मूळची पश्चिम हिमालयातील असून काश्मीर व लगतच्या प्रदेशांत सु. २,५०० ते ३,५०० मी. उंचीवर आढळते. शास्त्रीय नाव सॉस्युरिया कॉस्टस. उंची १–२ मी.; फुलोरे गर्द जांभळे, जवळजवळ काळे. तिचे मोल मात्र फुलात नसून जाड, सुगंधी मुळात आहे आणि मूळ खणले की झाड संपते. तिच्या ऱ्हासाचे मुख्य कारण हेच होय.

अथर्ववेदात कुष्ठाला उद्देशून स्वतंत्र सूक्ते आहेत. हिमवंतावर जन्मून पूर्वेकडील लोकांकडे नेली जाणारी ही वनस्पती तक्मन् नावाचा ज्वर घालविते, असे त्यांत वर्णन आहे. यावरून तिची देवघेव किती जुनी आहे, हे दिसते. इ. स. पहिल्या शतकातील पेरिप्लस या ग्रीक वृत्तांतात सिंधूच्या मुखावरील बार्बरिकम व गुजरातेतील भडोच या बंदरांतील मालात ‘कॉस्टस’ येते. पुढे चीनमध्ये ते धूपासाठी जाई. काश्मिरी शालींना कसर लागू नये म्हणूनही ते वापरीत.

मूळ दूरवर पोहोचले, पण ते कोणत्या झाडाचे, हे यूरोपीय अभ्यासकांना ठाऊक नव्हते. लिनीअस यांनी १७५३ मध्ये कॉस्टस हे नाव आल्याला जवळच्या एका प्रजातीला दिले. सह्याद्रीत पावसाळ्यात फुलणारे पेव दीर्घकाळ याच प्रजातीत गणले जाई. उपलेटाशी त्याचे काहीही नाते नाही. हा घोटाळा सहारनपूरच्या वनस्पतिउद्यानाचे अधीक्षक ह्यू फॉकनर यांनी १८४० च्या सुमारास काश्मीरमधील झाडाची ओळख पटवून मिटविला.

काश्मीर संस्थानात या मुळांवर दरबारची मक्तेदारी होती व १९२१ मध्ये (संवत १९७८) त्यांसाठी वेगळा कायदाही झाला. रानातील साठा तरीही घटतच गेला. विसाव्या शतकात लाहूलमध्ये शेतांतून लागवड सुरू झाली, तेव्हा झाड टिकले ते शेतात. रानात ते विरळच होत राहिले. वन्य जीवांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात १९७५ मध्ये त्याचा समावेश झाला आणि १९८५ मध्ये ते सर्वांत कडक अशा पहिल्या परिशिष्टात गेले. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने त्यास अतिसंकटग्रस्त ठरविले आहे. वाळलेले मूळ शेतातील की रानातील, हे पाहून सहसा सांगता येत नाही; म्हणून लागवडीचा मालही दाखल्यावाचून परदेशी पाठविता येत नाही.