गाव सोडून आलेल्या मुलांची शाळा कुठली?

बीड जिल्ह्यात दोन कॅलेंडरं चालतात. शाळेचं जूनमध्ये सुरू होतं आणि उन्हाळ्यात संपतं. ऊसतोडीचं दसरा-दिवाळीच्या सुमारास सुरू होतं आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतं. पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी, गेवराई, आष्टी या तालुक्यांतली कुटुंबं मुकादमाकडून उचल घेतात आणि कोल्हापूर, सांगली, सोलापूर, नाहीतर थेट कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्या कोयत्यामागे पोरंही जातात, आणि शाळेचं दुसरं सत्र उसाच्या फडात जातं.

या मुलांना कुणी निर्वासित म्हणत नाही. ती इथलीच नागरिक आहेत. तरी कारखान्याजवळच्या गावात शाळेत नाव घालायची वेळ येते, तेव्हा जी शंका आडवी येते ती जगभर आश्रय मागणाऱ्या मुलांच्याही आडवी येते. तुम्ही इथले नाही, उद्या निघून जाल, मग तुमचं नाव आमच्या पटावर कशाला?

महाराष्ट्राने या शंकेवर काढलेलं एक उत्तर म्हणजे साखरशाळा. कारखान्याच्या आवारात, कामगारांच्या कोपींजवळ भरणारी, हंगामापुरती शाळा. १९९०च्या दशकापासून हा प्रयोग चालला, आणि २०००नंतर जनार्थसारख्या संस्थांनी तो अनेक कारखान्यांवर नेला. शाळा मुलापर्यंत चालत आली, ही त्यातली मोठी गोष्ट होती. मर्यादाही तितकीच मोठी होती. हंगाम संपला की शाळा संपायची. शिवाय तिथे ऊसतोडीच्या मुलांना भेटायची ती ऊसतोडीचीच मुलं. गावातली शाळा जवळ असूनही दुसऱ्यांचीच राहायची.

बीडच्या टोळ्या ज्या कोल्हापूर जिल्ह्यात जातात, तिथेच वेगळ्या शाळेचा एक जुना इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधून लाखो लोकांना हद्दपार केलं. त्यातले काही इराणमार्गे भारतात आले. कोल्हापूरजवळ वळिवडे इथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश लोकांची छावणी होती. त्यात बायका आणि मुलंच जास्त. छावणीत त्यांच्या स्वतःच्या शाळा होत्या, प्राथमिकपासून वरच्या वर्गांपर्यंत, आणि शिक्षण पोलिश भाषेत.

इथे वेगळी शाळा कुणी लादली नव्हती. ती त्यांनाच हवी होती, कारण युद्ध संपलं की घरी जायचं होतं आणि तिथल्या वर्गात बसायचं होतं. पुढे सीमा बदलल्या, अनेकांची घरं सोव्हिएत हद्दीत गेली, आणि पुष्कळ जण ब्रिटन, ऑस्ट्रेलियासारख्या देशांत गेले. मग त्याच छावणीत फाळणीनंतर आलेली सिंधी कुटुंबं राहिली. आज कापडाच्या घाऊक बाजारासाठी ओळखलं जाणारं गांधीनगर ते हेच. या मुलांना परत जायचं नव्हतं. त्यांना इथल्याच शाळेत, इथल्याच मुलांबरोबर वाढायचं होतं.

एकाच जागेवरच्या या दोन गोष्टींतून एक कसोटी हाती लागते. वेगळ्या शाळेचं दार पुढे कुठे उघडतं? पोलिश शाळेचं दार निदान आशेत तरी पोलंडकडे उघडत होतं. साखरशाळेतलं मूल एप्रिलमध्ये गावी परतायचं, तेव्हा तिथला वर्ग कितीतरी पुढे गेलेला असायचा. कारखान्याच्या गावातला वर्ग तर त्याचा कधी झालाच नव्हता.

कायद्याने ही कसोटी ओळखली आहे. २००२च्या ८६व्या घटनादुरुस्तीने कलम २१-अ आलं आणि १ एप्रिल २०१०पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला. भाषणस्वातंत्र्य देणारं कलम १९ ‘नागरिकां’बद्दल बोलतं. कलम २१-अ सहा ते चौदा वर्षांच्या सर्व ‘बालकां’बद्दल बोलतं. कायदा म्हणतो, वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येणार नाही. शाळा सोडल्याचा दाखला यायला उशीर झाला म्हणून अडवता येणार नाही. वर्षाच्या मध्येच आलं म्हणून परत पाठवता येणार नाही. जणू ऊसतोडीचं कॅलेंडर समोर ठेवूनच लिहिलंय.

त्यानंतर भर जवळच्या नेहमीच्या शाळेवर आला. मुलासोबत हमी कार्ड द्यायचं, ते दाखवून मूल पोहोचेल त्या गावात वर्गात बसेल, अशी कल्पना. दुसरीकडे आई-बाप गेले तरी मूल गावीच शिकावं म्हणून हंगामी वसतिगृहं, आणि २०२१मध्ये संत भगवानबाबा यांच्या नावाची शासकीय वसतिगृह योजना. पण वसतिगृह सगळ्यांना पुरत नाही. धाकट्या भावंडाला सांभाळायला थोरल्या मुलीला सोबत नेलं, की तिच्यासाठी फडाजवळची शाळा हीच एक शाळा उरते. कर्नाटकात गेली तर तिथला फळा कन्नडमध्ये.

मी सॉफ्टवेअर लिहितो, म्हणून मला एक गोष्ट खटकते. फॉर्ममधला एखादा रकाना सक्तीचा केला, की तो रिकामा असलेला माणूस पुढच्या पानावर जाऊच शकत नाही. कायद्याने ‘पुरावा नसला तरी चालेल’ म्हटलेलं असतं, पण टेबलावरचा फॉर्म ‘आधार क्रमांक भरा’ म्हणतो. मूल कायद्याने आत असतं आणि फॉर्मने बाहेर.

दिल्लीत रोहिंग्या निर्वासितांच्या मुलांचं प्रकरण याच जागी अडलं. भारताने १९५१च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, पण १९९२मध्ये बालहक्क करार स्वीकारला आहे. ऑक्टोबर २०२४मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने या मुलांच्या प्रवेशाची याचिका फेटाळली. फेब्रुवारी २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मुलांनी आधी सरकारी शाळांकडे जावं, आणि नकार मिळाला तर उच्च न्यायालयात दाद मागावी. म्हणजे निर्णय पुन्हा शाळेच्या टेबलाशी आला.

रोहिंग्या मुलाकडे नागरिकत्व नाही, बीडच्या मुलीकडे आहे. हा फरक लहान नाही. पण नागरिकत्व असूनही तिला जानेवारीत परक्या गावच्या वर्गात बाक मिळेलच, याची खात्री नाही. म्हणून हा हक्क गावाला किंवा कागदाला न चिकटता मुलाला चिकटायला हवा. ते मूल जिथे झोपतं, तिथल्या शाळेने सकाळी त्याचं नाव हजेरीत घ्यावं. ते चार महिन्यांनी जाणार असलं, तरी ते चार महिने त्याच्या बालपणातलेच असतात.