विळा कुणाच्या हातात?

तर झालं असं. गेल्या वर्षी दसऱ्याच्या आसपास बोईसरहून मामाचा फोन आला. "भात कापायला आलंय. येताना सहा विळे घेऊन ये. तू सगळं घरबसल्या मागवतोस ना, मग हेही माग. पण चांगले बघ."

आता विळा विकत घेण्याचा आमचा अनुभव शून्य. मी आपला मोबाईल, हेडफोन घेताना करतो तेच केलं. तारे बघितले, किंमत चढत्या क्रमाने लावली आणि सगळ्यात स्वस्त सहा विळे मागवले. दिसायला झकास, लाल मूठ, चकचकीत पातं. शनिवारी सकाळी शेतावर वाटले आणि बांधावर बसून चहा प्यायलो. दुपारपर्यंत सहातल्या चारांची धार दुमडली होती. कापणीला आलेल्या एका मावशींनी पात्यावरून अंगठा फिरवला आणि विळा माझ्या हातात परत दिला. "दादा, ह्यो इळा नाय. पत्रा हाय."

आणि त्यांनी घरून आणलेला, काळपट, मूठ झिजलेला विळा काढला आणि कामाला लागल्या.

इंजिनियर माणसाला असं कोणी म्हटलं की झोप लागत नाही. घरी येऊन पोलादाबद्दल वाचायला बसलो आणि वाचता वाचता पोचलो भलतीकडेच, पालघरच्या इतिहासात. तोच आज सांगायचाय.

आधी पोलादाचं थोडक्यात. लोखंडात कार्बन किती यावर सगळा खेळ आहे. खिडक्यांचे गज ज्याचे करतात त्या साध्या मऊ पोलादात तो 0.2 टक्क्यांच्या आसपास असतो. ते तापवून पाण्यात बुडवलं तरी म्हणावं तसं कडक होत नाही, म्हणजे धार टिकत नाही. ट्रकच्या कमानीच्या पाट्यात कार्बन साधारण 0.5 ते 0.6 टक्के असतो. म्हणून गावोगावचे लोहार भंगारातून जुने पाटे आणतात, तापवून ठोकतात, आकार देतात आणि शेवटी पातं लाल करून "पाणी देतात". पाणी कमी पडलं तर धार वाकते, जास्त झालं तर पातं काचेसारखं तुटतं. ते रंगावरून ओळखायचं असतं. माझ्या चकचकीत विळ्यांना पाणी दिलेलंच नव्हतं, नाहीतर मुळात पोलादच तसलं होतं. गंमत म्हणजे मामाच्या शेतापासून हाकेच्या अंतरावर तारापूरची एमआयडीसी आहे आणि तिथे पोलादाचे कारखाने आहेत.

मग प्रश्न पडला की चांगलं आणि परवडणारं अवजार बनवायचं मनावर कोण घेतं, आणि कधी?

आपल्याकडचं ठळक उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर. बेळगावला सायकलचं दुकान, मग कडबा कापायचं यंत्र, मग 1903 च्या सुमारास लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते असा तेव्हा समज होता आणि पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली असं सांगतात. पण पुढे खपले, आणि 1910 मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. का खपले? नांगर चांगला होता हे आहेच. पण घाटावर असे शेतकरीही होते ज्यांची जमीन स्वतःची होती. खोल नांगरट झाली की जास्तीचं पीक त्यांच्याच घरात येणार होतं. त्यामुळे त्यांनी हिशोब केला आणि पैसे मोजले.

आता त्याच काळातलं आपलं पालघर, डहाणू, उंबरगाव बघा. इथल्या जमिनी सावकार-जमीनदारांकडे गेलेल्या आणि कसणारे बहुतेक वारली. 1864 मध्ये मुंबईपर्यंत रेल्वे आली आणि इथलं गवत मुंबईच्या तबेल्यांसाठी सोन्यासारखं झालं. पावसाळा संपला की डोंगरउतारांवरचं गवत कापायचं, गठ्ठे दाबायचे, वाघिणीत भरायचे. मुंबईच्या दुधामागे म्हशी होत्या, म्हशींमागे हे गवत होतं आणि गवतामागे हातात विळा धरलेला वारली होता.

त्याला मिळायचं काय? 1939 मध्ये डी. सायमिंग्टन या सरकारी अधिकाऱ्याचा आदिवासींच्या स्थितीवरचा अहवाल आला. वेठबिगारीला जास्तीत जास्त दिवसाला एक आणा, नाहीतर एका माणसाच्या एका जेवणापुरता तांदूळ, असं त्यात नोंदवलंय. नाही म्हटलं तर मार. हे लिहिणारा कोणी चळवळ्या नव्हता, इंग्रज सरकारचाच माणूस होता.

आता जरा मालकाच्या डोक्याने विचार करा. ज्याला दिवसाला एक आणा द्यायचाय, त्याच्या विळ्याला धार आहे की नाही याने मालकाला काय फरक पडतो? धार बोथट असेल तर जास्त वेळ लागेल, पण तो वेळ फुकटच आहे. माणूस स्वस्त असला की अवजारावर कोण खर्च करणार? मला वाटतं, चांगली अवजारं नसण्याचं खरं कारण इथे आहे. कोणी मागितलीच नाहीत, कारण ज्याला गरज होती त्याच्याकडे पैसे नव्हते आणि ज्याच्याकडे पैसे होते त्याचं मनगट दुखत नव्हतं.

मग आलं 1945. जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली. 23 मे रोजी आजच्या तलासरी तालुक्यातल्या झरी गावात हजारो वारली जमले आणि वेठबिगार करायची नाही असं ठरवलं. मागे शामराव आणि गोदावरी परुळेकर उभे होते (गोदावरीबाईंचं 'जेव्हा माणूस जागा होतो' वाचलं नसेल तर जरूर वाचा, 1972 चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे त्याला). त्याच वर्षी पावसाळ्यानंतर गवतकापणीचा संप झाला. मागणी काय होती? 500 पौंड गवत कापायला अडीच रुपये.

500 पौंड म्हणजे साधारण 227 किलो. अडीच रुपये म्हणजे 40 आणे. भागाकार केला तर एका आण्याला जवळजवळ पावणेसहा किलो गवत. ही "जास्तीची" मागणी होती बरं का! 10 ऑक्टोबर 1945 रोजी तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चौघं मेले.

या मागणीत एक गोष्ट दडलेली आहे, ती मला आधी दिसलीच नव्हती. मजुरी दिवसावर नाही, वजनावर मागितली होती. वजनावर मजुरी ठरली की विळ्याची धार मजुराच्या कामाची होते. चांगला विळा म्हणजे तेवढ्याच वेळात जास्त गवत, म्हणजे त्याच्या हातात जास्त पैसे. वेठबिगारीत ज्या धारेला किंमत नव्हती तिला इथे किंमत आली.

पुढची गोष्ट हळूहळू घडली. 1948 मध्ये कूळकायदा आला, 1 एप्रिल 1957 हा कृषकदिन ठरला आणि कसणाऱ्याला मालक व्हायची वाट मिळाली. सगळ्यांना मिळाली असं मुळीच नाही, वनजमिनींचे दावे तर आजही चालू आहेत. पण आपल्या तुकड्यावर भात पिकवणारा लहान शेतकरी निदान हिशोबात आला. 18 मे 1972 रोजी दापोलीला कोकणचं कृषी विद्यापीठ सुरू झालं. तिथे मोठ्या यंत्रांबरोबर आंबा काढायचा 'नूतन झेला' आणि भात कापायचा 'वैभव विळा' अशा हातात धरायच्या वस्तूही तयार झाल्या.

वैभव विळा म्हणजे दातेरी पात्याचा विळा. साधा विळा घाव घालतो, हा करवतीसारखा ओढून कापतो, म्हणून झटका कमी बसतो. शिवाय याने भात जमिनीलगत कापता येतं. त्याचा फायदा असा की खोडकिडीच्या अळ्या कापणीनंतर धसकटात लपून राहतात. धसकटच उरलं नाही तर पुढच्या हंगामाची कीड कमी. मनगट वाचतं आणि फवारणीही. एका विळ्याकडून अजून काय पाहिजे!

आता तुमच्यापैकी ज्यांचे मामा-काका अजून भात लावतात त्यांच्यासाठी, मी पैसे घालवून शिकलेलं थोडक्यात. भाताला दातेरी विळा घ्या, पण त्याचे दात झिजले की घरी धार लावणं कठीण हे लक्षात ठेवा. गवताला आणि फांद्या तोडायला साधा, लोहाराने घडवलेला घ्या. दुकानात बारीक कानस मागून साध्या विळ्याच्या धारेवर हलकेच फिरवा. कानस घसरली तर पाणी दिलेलं आहे, मऊ मातीसारखी रुतली तर ठेवून द्या. पात्याचं शेपूट मुठीत किती खोल गेलंय आणि मुठीच्या तोंडाशी लोखंडी कडं आहे का ते बघा. आणि दोन वर्षांनी धार काढून देणारा माणूस जवळपास आहे का, हेही विचारा.

हे सगळं शिकल्यावर मला स्वतःचीच जरा लाज वाटली. पैसे माझे, मनगट दुसऱ्याचं आणि मी किंमत चढत्या क्रमाने लावली. तलवाड्याच्या नंतर इतक्या वर्षांनी, तोच हिशोब मी चहा पिता पिता केला होता.

या वर्षी पालघरच्या बाजारात गेलो ते त्या मावशींना घेऊन. त्यांनी एकेक विळा हातात घेतला, मनगट फिरवून तोलला, नखावर धार टेकवून बघितली आणि तीन परत ठेवले. लोहार कुरकुरला. शेवटी सहा निवडले. गेल्या वर्षीच्या जवळपास दुप्पट पैसे गेले. कापणी झाली आणि सहाच्या सहा विळे अजून शाबूत आहेत.

त्यातले दोन मावशी घरी घेऊन गेल्या. मामा म्हणाला, "राहू दे, त्यांच्याकडेच नीट राहतील."