हॉपच्या वेलीचे पहिले वर्ष

इ. स. १५७४ साली लंडन येथे एक छोटेखानी पुस्तक प्रसिद्ध झाले. ज्या काळी छापखान्यांतून पुष्कळदा धर्मवाद आणि राजाज्ञाच बाहेर पडत, त्या काळी हे पुस्तक एका वेलीच्या लागवडीविषयी होते. ‘हॉपच्या मळ्याचा परिपूर्ण आराखडा’ अशा अर्थाचे त्याचे नाव. कर्ता रेजिनल्ड स्कॉट हा केंट परगण्यातील एक मध्यम स्थितीचा गृहस्थ होता. ऑक्सफर्डला तो काही काळ शिकला, पण पदवी न घेताच घरी परतला व पुढे शेतीवाडी पाहू लागला. इंग्लंडात हॉपच्या लागवडीवर स्वतंत्रपणे लिहिलेले हे पहिले व्यावहारिक पुस्तक होय. चारच वर्षांत त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या, यावरून त्याची निकड किती होती हे दिसून येते.

ही वेल भांगेच्या कुळातील, परंतु भांगेचा अमल हिच्यात नाही. दरवर्षी थंडीत तिचा जमिनीवरील सारा भाग वाळून जातो. मूळ मात्र जमिनीत जिवंत राहते आणि वसंतात पुन्हा नवे कोंब वर येतात. असे एक मूळ पंधरा-वीस वर्षे सहज टिकते. नर वेल व मादी वेल निरनिराळ्या असतात. उपयोग आहे तो मादी वेलीच्या फुलोऱ्याचा. हिरवट, कागदी पाकळ्यांची ही बोंडे लहान शंकूसारखी दिसतात व पाकळ्यांच्या तळाशी पिवळी, चिकट, कडू पूड असते. ही पूड म्हणजेच ल्युपुलिन. मिरजेकडील पानमळा ज्याने पाहिला असेल त्याला हॉपच्या मळ्याची कल्पना करणे अवघड जाणार नाही. भेद इतकाच की पानवेल मुळ्यांनी आधाराला चिकटते आणि हॉपची वेल खांबाला सूर्याच्या गतीने, डावीकडून उजवीकडे, वेढे घालीत चढते.

युरोपात ही वेल रानटी स्थितीत पुरातन काळापासून होती. तिच्या कोवळ्या कोंबांची भाजी रोमन लोकही खात. मद्य गाळताना हॉप वापरल्याचा जुन्यांतील जुना लेखी पुरावा फ्रान्समधील कॉर्बी येथील मठाधिपती अडलहार्ड याच्या इ. स. ८२२ च्या नियमांत सापडतो. बाराव्या शतकात हिल्डेगार्ड या जर्मन साध्वीने आपल्या निसर्गविषयक ग्रंथात नमूद केले की हॉपच्या कडवटपणामुळे पेये नासत नाहीत. सगळ्या इतिहासाची किल्ली या एका निरीक्षणात आहे. सातूला मोड आणून, तो भाजून, त्याच्या काढ्यापासून जे पेय घरोघर होई त्याला इंग्लंडात ‘एल’ म्हणत. ते थोड्याच दिवसांत आंबून जाई. तोच काढा हॉप घालून उकळला की त्यातील कडू द्रव्ये आंबवणाऱ्या जंतूंना दाबून धरतात आणि पेय कित्येक महिने टिकते. याला ‘बिअर’ हे नाव पडले. मद्यपान इष्ट की अनिष्ट हा वाद येथे बाजूला ठेवावा. ज्या समाजात हे पेय रोजच्या जेवणातले होते, त्या समाजात ते चार दिवस टिकते की चार महिने, हा प्रश्न क्षुल्लक नव्हता.

हे ज्ञान फ्लँडर्स व हॉलंडमधून इंग्लंडात आले. इ. स. १४०० च्या सुमारास प्रथम बिअरची पिंपे आली, मागून बिअर करणारे कारागीर आले आणि सोळाव्या शतकाच्या पहिल्या चरणात केंटमध्ये वेलही रुजली. तरीही स्कॉटच्या काळापर्यंत हॉपसाठी इंग्लंडचा पैसा समुद्रापार जात होता, आणि स्कॉटच्या रागाचे कारण नेमके हेच होते. त्याचे म्हणणे असे की फ्लेमिश लोक इंग्रजांना मुद्दाम अज्ञानात ठेवतात. तुमची जमीन या पिकाला नालायक आहे असे सांगून बुचकळ्यात पाडतात आणि लागवडीची रीत लपवून ठेवतात. परिणामी जी वस्तू आपल्या परसात पिकेल ती आणायला इंग्रज माणूस फ्लँडर्समधील पोपरिंगेपर्यंत धाव घेतो. तक्रार एकतर्फी असेल. व्यापारी आपले गुपित शेजाऱ्याला आपण होऊन सांगत नाही, यात फ्लेमिश लोकांनी जगावेगळे काही केले नाही. परंतु स्कॉट नुसती तक्रार करून थांबला नाही. तो पोपरिंगेच्या भट्टीघराची रचनासुद्धा आपल्या पुस्तकात देतो. जमिनीची निवड, मुळे लावणे, खांब पुरणे, वेल बांधणे, बोंडे खुडणे आणि वाळवणे या क्रिया त्याने लाकडी ठशांच्या चित्रांसह समजावल्या. त्यामुळे ज्याला अक्षरओळख नव्हती त्यालाही चित्रावरून पुष्कळ उमगावे. याच माणसाने दहा वर्षांनी, १५८४ साली, चेटकिणींच्या समजुतीवर कडाडून हल्ला करणारा मोठा ग्रंथ लिहिला आणि स्कॉटलंडच्या राजाचा रोष ओढवून घेतला. गूढ म्हणून जे जे सांगितले जाते ते उघडून पाहावे, ही त्याची वृत्ती दोन्ही पुस्तकांत एकच आहे.

आता ज्याने परसात किंवा शेताच्या कडेला हॉप लावायचे मनावर घेतले, त्याच्यापुढे पहिली अडचण उभी राही ती पहिल्याच वर्षी. हॉपचे बी पेरीत नाहीत. बियांपासून नर निपजेल की मादी, हे आधी सांगता येत नाही. चांगल्या मादी वेलीच्या जमिनीखालील खोडाचे, डोळे असलेले तुकडे वसंताच्या आरंभी लावावे लागतात. जमीन खोल खणलेली, खत घातलेली व पाण्याचा निचरा होणारी हवी. एका ठिकाणी दोन-चार तुकडे लावून वर मातीचा उंचवटा करीत, आणि दोन उंचवट्यांमध्ये माणसाला सहज फिरता येईल इतके अंतर ठेवीत. काही आठवड्यांत कोंब फुटतात. जुनी वेल जूनमध्ये एका दिवसात कित्येक इंच वाढते, तशी ही वाढत नाही. ती दुबळी दिसते, अडखळत चढते, कधी निम्म्या खांबावरच थांबते. बोंडे आली तर मूठभर येतात, बहुधा येतच नाहीत.

नवशिक्याची चूक येथेच होते. वेल वाढत नाही असे पाहून तो पाण्याचा मारा करतो, आणि मुळे अजून थोडी असल्याने ती कुजतात. किंवा जुन्या मळ्याचा नियम नव्या वेलीला लावून तो बहुतेक कोंब छाटून दोन-तीनच ठेवतो. जुन्या मुळाच्या पोटी साठा असतो, म्हणून त्याला ही छाटणी मानवते. नव्या मुळापाशी साठा नसतो. जी पाने वर आहेत तीच अन्न तयार करून खाली पाठवणार. शरदात वेल हिरवी असतानाच कापून टाकणे ही तर सर्वांत मोठी चूक. पाने पिवळी पडेपर्यंत वेलीतील सत्त्व मुळाकडे उतरत असते. थोडक्यात, पहिल्या वर्षीचे पीक जमिनीखाली येते आणि ते डोळ्यांना दिसत नाही. दुसऱ्या वर्षी बरे उत्पन्न मिळते, पूर्ण भर येतो तो तिसऱ्या वर्षी.

हे एकदा ध्यानात आले म्हणजे हॉपच्या इतिहासातील पुष्कळशा गोष्टी उलगडतात. खणणावळ, खत, मुळे, आणि एकरामागे हजारोंनी लागणारे उंच खांब हा सारा खर्च आधी, आणि हाती काही पडायचे ते दोन वर्षांनी. ज्याची जमीन पुढच्या वर्षी आपल्याकडे राहील की नाही याची शाश्वती नाही, तो हा उद्योग करीलच कशाला? केंटमध्ये शेते पूर्वीच कुंपणांनी वेगळी झालेली होती. तेथील ‘गॅव्हलकाइंड’ नावाच्या जुन्या वहिवाटीप्रमाणे जमीन सर्व मुलांत वाटली जाई, आणि लहान पण स्वतःची जमीन असलेले शेतकरी तेथे पुष्कळ होते. खांबांसाठी व भट्टीच्या कोळशासाठी राने जवळ होती, पैसा आणि गिऱ्हाईक पुरवणारे लंडन हाकेच्या अंतरावर होते. केंटची माती चांगली, हे खरेच. परंतु केवळ मातीने केंट हॉपचे माहेर झाले नाही. पहिले रिकामे वर्ष सोसण्याची ऐपत तेथील शेतकऱ्यात होती.

यातून जे निष्पन्न झाले ते मात्र स्कॉटला अभिप्रेत नसावे. एल लवकर नासत असल्याने ती थोडी थोडी, वारंवार, घरच्या घरी करावी लागे, आणि हे काम मुख्यतः बायकांचे होते. चूल सांभाळून जादा एल शेजारी विकणे हा कित्येक विधवांचा आणि गरीब गृहिणींचा आधार होता. हॉपने पेय टिकाऊ केले. टिकाऊ झाले म्हणून ते मोठ्या भांड्यांत करून दूर पाठवता येऊ लागले. आणि मोठी भांडी, साठवण व उधारी यांना भांडवल लागते. जुडिथ बेनेट या इतिहासकार विदुषीने १९९६ च्या आपल्या ग्रंथात दाखविले आहे की इ. स. १३०० ते १६०० या तीन शतकांत हा धंदा बायकांच्या हातून निसटत पुरुषांच्या कारखान्यांत गेला, आणि त्याच्या कारणांत हॉप हे एक ठळक कारण होते. परसातली वेल परसातला धंदा घेऊन गेली, असे म्हणण्यास हरकत नाही.

पुढील कथा झपाट्याची आहे. १७१० च्या कायद्याने हॉपवर कर बसला आणि बिअरमध्ये हॉपखेरीज दुसरा कडू पदार्थ घालण्यास मनाई झाली. पीक इतके बेभरवशाचे की यंदा कराची रक्कम किती जमेल यावर इंग्लंडात पैजा लागत! कर १८६२ साली उठला. १८७८ मध्ये इंग्लंडात ७१ हजार एकरांहून अधिक जमिनीवर हॉप उभा होता. खुडणीला पूर्व लंडनमधील गरीब कुटुंबे मुलाबाळांसह केंटमध्ये उतरत. ऑक्टोबर १८५३ मध्ये मेडवे नदीच्या पुरात हार्टलेक पुलावर अशा मजुरांची गाडी कोसळून ३० जीव गेले. विसाव्या शतकात यंत्रे आली, परदेशी माल आला, आणि आज त्या क्षेत्राचा दहावा हिस्साही उरलेला नाही. केंटमधील वाळवणीची उंच टोपीवजा छपरांची भट्टीघरे आता बहुतांशी राहती घरे झाली आहेत.

हिंदुस्थानाशी या वेलीचा संबंध प्रथम आला तो पिंपातून. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या बो भागातील हॉजसन याची बिअर मुंबई-कलकत्त्याच्या इंग्रजांसाठी जहाजांतून येई; १८२२ नंतर बर्टन गावचे ऑलसॉप आदी कारखानदार या व्यापारात उतरले. चार-सहा महिन्यांचा उष्ण कटिबंधातील प्रवास सोसावा म्हणून या फिक्या रंगाच्या बिअरमध्ये हॉप सढळ हाताने घालीत. मग वेलच येथे का लावू नये, असा प्रश्न कोणालाही सुचावा. अडचण उन्हाची नसून दिवसाच्या लांबीची आहे. केंटमध्ये जूनमधील दिवस साडेसोळा तासांचा असतो, आणि या लांब दिवसांतच वेल उंची गाठते. दिवस आखूड होऊ लागले की फुलावर येते. पुण्या-मुंबईचा मोठ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास. त्यामुळे दक्षिणेत लावलेली वेल दिवसच आखूड समजून खुरटलेली असतानाच फुलते, आणि तिचे पहिले वर्ष जणू सरतच नाही. काश्मीरात, जेथे उन्हाळी दिवस साडेचौदा तासांच्या जवळ जातो, तेथे मात्र एकोणिसाव्या शतकात हॉपचा मळा उभा राहिला. वॉल्टर लॉरेन्सच्या १८९५ च्या काश्मीरवरील ग्रंथात त्याची नोंद आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हिमाचलातील लाहौलच्या थंड खोऱ्यातील शेतकऱ्यांनीही ही वेल लावली, आणि काही वर्षे तिची वाळलेली बोंडे रोहतांगची खिंड ओलांडून खाली येत होती.