बचावाची हद्द

१० नोव्हेंबर १६५९. प्रतापगडाच्या पायथ्याशी शामियान्यात भेट झाली आणि अफझलखान मारला गेला. आपण त्याला 'वध' म्हणतो. साताऱ्याला रेसिडेंट राहिलेल्या ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या इतिहासात तो विश्वासघात ठरवला. मला यापेक्षा 'बचाव' हा शब्द भारदस्त वाटतो, कारण त्याला हद्द असते.

आमच्या हातकणंगले भागात हा विषय टाळून चालत नाही. सप्टेंबर २००९ मध्ये मिरजेत गणेशोत्सवाच्या कमानीवरील याच प्रसंगाच्या चित्रावरून दंगल झाली आणि तिची झळ आमच्या तालुक्यातल्या इचलकरंजीला लागली. तेव्हापासून कुणी ना कुणी विचारतो, 'तुम्ही मुसलमान, तुम्हाला काय वाटतं?' मी म्हणतो, आधी पुरावा पाहू. महाराजांच्या अंगरक्षकांत सिद्दी इब्राहिम होता आणि खानाचा वकील होता कृष्णाजी भास्कर. धर्माच्या तराजूत हे प्रकरण मावतच नाही.

कायद्याच्या तराजूत मावते. १८६० च्या दंडविधानात असलेला आणि २०२३ च्या भारतीय न्याय संहितेत कायम राहिलेला नियम असा: प्राणावर बेतण्याची वाजवी भीती असेल, तर समोरच्याचा जीव घेण्यापर्यंत हक्क पोचतो. पहिला वार अंगावर येईपर्यंत थांबावे लागत नाही. पण भीती संपली की हक्कही संपतो, आणि गरजेहून जास्त इजा करता येत नाही.

मग भीती वाजवी होती काय? कर्नाटकातील शिरे येथील राजा कस्तुरीरंग याला खानाने भेटीला बोलावून मारले होते. राजापूरच्या इंग्रज वखारीतल्या डिसेंबर १६५९ च्या पत्रात म्हटले आहे की, मैत्रीचे सोंग करण्याचा सल्ला विजापूरच्या बेगमेनेच खानाला दिला होता. अंगरख्याखालच्या चिलखताचा उलगडा इथे होतो. वाघनखांचे तेवढे सोपे नाही. ती बचावाला चालतात, तशी दग्यालाही. म्हणून पहिला वार कोणाचा, हे पाहावे लागते. सभासद सांगतो, खानाने मान बगलेत दाबून शस्त्र चालवले. बखर महाराजांच्या पक्षाची, हे खरे. पण जदुनाथ सरकारांनी १९१९ साली कागद तोलून निकाल तोच दिला: स्वसंरक्षण.

टिळकांनी मात्र जून १८९७ च्या शिवोत्सवात वेगळी वाट धरली. पहिला वार कोणाचा याची चौकशीच नको, थोरांचे कृत्य पीनल कोडाने मोजू नये, अशा आशयाचे ते बोलले. १५ जूनला ते 'केसरी'त आले. २२ जूनला पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली, आणि पुढे टिळकांना राजद्रोहाबद्दल दीड वर्षाची शिक्षा झाली. त्यांच्याविषयी पूर्ण आदर ठेवून म्हणतो, हद्द पुसली की ज्याला त्याला आपणच थोर वाटू लागतो. महाराजांना तर असल्या सवलतीची गरजही नव्हती.

शामियान्याबाहेर बचावाचा कायदा पुरत नाही, हेही सांगायला हवे. जावळीच्या रानात बेसावध छावणीवर मावळे तुटून पडले, ते युद्ध होते. अठरा दिवसांत आमच्या इकडचा पन्हाळा घेतला, तेही युद्धच. तिथली हद्द निराळी. पण तीही पाळलेली दिसते. विश्वासघाताचा आरोप करणारा ग्रँट डफच लिहितो की, शरण येतील त्यांना जीवदान देण्याचा हुकूम सुटला, आणि विजापूरची चाकरी सोडायला तयार नसलेल्या झुंजारराव घाटग्यांना भेटी देऊन सन्मानाने परत पाठवले गेले.