इंजिन उघडण्याचा इतिहास

मोटारीचे इंजिन का उघडतात, असे कोणाही गॅरेजवाल्यास विचारले तर तो म्हणेल, "धूर मारतंय, तेल पितंय, म्हणून." उत्तर बरोबर आहे. परंतु यंत्र उघडून त्याचे अंतरंग चारचौघांपुढे मांडण्याची रीत धुरापासून निघालेली नाही. ती बंदुकीपासून निघाली, आणि तिच्या मुळाशी एक वाद आहे. यंत्राला कारागिराच्या हाताची गरज आहे की नाही, हा तो वाद. तो दोनशे वर्षांहून जुना आहे आणि अद्याप मिटलेला नाही. त्याची हकीकत सांगताना माझी नजर एका लहानशा गोष्टीवर राहणार आहे. इंजिन खोलताना मिस्त्री भागांवर पंच ठोकून जी खूण करतो, ती ही गोष्ट.

अठराव्या शतकात बंदुकीच्या चापाचे भाग कारागीर कानशीने घासून एकमेकांशी जुळवीत असत. त्यामुळे प्रत्येक भाग आपल्याच बंदुकीचा असे. रणांगणावर एखादी कमान तुटली तर शेजारच्या निकामी बंदुकीतील कमान तेथे बसत नसे. हा खोळंबा दूर करावयाचा म्हणून फ्रान्समध्ये ओनोरे ब्लां या कारागिराने सर्व भाग एकसारखे करण्याचा प्रयत्न चालविला. अमेरिकेचे वकील म्हणून पॅरिसला असलेले टॉमस जेफरसन यांनी 1785 साली त्याच्या कारखान्यात जाऊन सुट्या भागांतून हाताला येतील ते भाग उचलून स्वतः काही चाप जोडून पाहिले. ही कल्पना त्यांनी मायदेशी कळविली.

पुढे 1798 साली ईलाय व्हिटनी याने अमेरिकन सरकारला दहा हजार बंदुका करून देण्याचा करार केला. मुदत दोन वर्षांची होती. 1801 साली, मुदत उलटून गेली असता, त्याने राजधानीत राज्यकर्त्यांपुढे एक प्रयोग करून दाखविला. सुटे भाग पुढे ठेवले, कोणताही उचलून कोठेही बसविला, आणि पाहणारे थक्क झाले. त्याला मुदतवाढ मिळाली. बंदुका पुऱ्या व्हावयास 1809 साल उजाडले. तरीही दीडशे वर्षे शाळेतील पुस्तके त्याला या पद्धतीचा जनक म्हणत राहिली. मग विसाव्या शतकातील संशोधकांनी संग्रहालयांत उरलेल्या त्याच्या बंदुका उघडल्या. एकीचा भाग दुसरीत बसेना. आतल्या बाजूस पाहिले तर भागांवर जोडीच्या खुणा! म्हणजे येथेही कारागिराने कानस चालविली होती आणि कोणता भाग कोणाचा हे विसरू नये म्हणून खूण केली होती. तो गाजलेला प्रयोग आधीच जुळवून ठेवलेल्या भागांचा असावा, असे आता बहुतेक इतिहासकार मानतात. प्रदर्शनाने जे झाकले, ते यंत्र उघडल्यावर बाहेर आले.

खरे काम स्प्रिंगफील्ड आणि हार्पर्स फेरी येथील सरकारी शस्त्रागारांत, गाजावाजा न होता, पुढील काही दशकांत झाले. त्याच स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारात यादवी युद्धाच्या काळात हेन्री लेलँड नावाचा एक तरुण यंत्रकाम शिकला. जन्म 1843 चा. तेथून तो कोल्टच्या पिस्तुलांच्या कारखान्यात गेला, आणि 1872 पासून ब्राउन अँड शार्प या कारखान्यात राहिला. इंचाचा हजारावा हिस्सा, म्हणजे आपले मिस्त्री ज्याला 'थाऊ' म्हणतात तो, साध्या कामगाराच्या हातात आणून देणारा मायक्रोमीटर हा कारखाना विकीत असे. लेलँड पुढे डेट्रॉइटला गेला आणि कॅडिलॅक मोटारींचा प्रमुख झाला. बंदुकीची विद्या अशी मोटारीत आली.

1908 सालच्या फेब्रुवारीअखेरीस इंग्लंडात रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या देखरेखीखाली एक परीक्षा सुरू झाली. कॅडिलॅकच्या लंडनमधील विक्रेत्याच्या साठ्यातून एकाच नमुन्याच्या, एकेका सिलिंडरच्या तीन गाड्या निवडल्या गेल्या. ब्रुकलँड्सच्या शर्यतीच्या मार्गावर त्या प्रथम चालवून पाहिल्या आणि मग नटबोल्टापर्यंत पूर्ण खोलल्या. तिन्ही गाड्यांचे शेकडो भाग एकत्र मिसळून ढीग केला. एवढ्यावर न थांबता क्लबच्या अधिकाऱ्यांनी त्यातील 89 भाग काढून घेतले आणि त्यांच्या जागी विक्रेत्याच्या कोठारातील नवे भाग टाकले. मेकॅनिकांच्या हाती फक्त पाने आणि स्क्रूड्रायव्हर दिले. कानस नाही, हातोडा नाही. थोड्याच दिवसांत तीन गाड्या उभ्या राहिल्या. रंगांची मात्र खिचडी झाली होती. त्या सुरू झाल्या आणि मार्चच्या मध्यापर्यंत प्रत्येकीने 500 मैल पुरे केले. त्या वर्षीचा ड्यूअर करंडक कॅडिलॅकला मिळाला. व्हिटनीने जे दाखविल्याचा आव आणला होता, ते लेलँडने खरोखर करून दाखविले.

आता या विजयाकडे कामगाराच्या बाजूने पाहू. कानस काढून घेतली याचा अर्थ असा की, गाडी जोडणाऱ्याच्या हातातील कसब आता नको झाले. जे कसब पूर्वी जुळणी करणाऱ्या प्रत्येक फिटरच्या मनगटात होते, ते मूठभर हत्यारघरवाल्यांच्या गेजांत आणि साच्यांत गेले. हा लेलँड डेट्रॉइटमधील मालकसंघाच्या पुढाऱ्यांपैकी एक होता आणि आपल्या कारखान्यात युनियन नको, या मताचा होता, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. फिटर सहज बदलता आला की त्याची घासाघीस करण्याची ताकद घटते. म्हणून मी एकसारख्या भागांना दोष देणार नाही. त्यांच्यामुळेच मोटार सामान्य माणसापर्यंत पोहोचली. परंतु भाग बदलता येतात म्हणून माणूसही तसाच बदलता येतो, हा निष्कर्ष ज्यांनी काढला त्यांनी एक गोष्ट विचारात घेतली नाही. ती म्हणजे झीज.

कारखान्यातून बाहेर पडणारी इंजिने जुळ्या भावंडांसारखी असतात. रस्त्यावर आली की प्रत्येकाचे नशीब वेगळे. पिस्टन वरच्या टोकास क्षणभर थांबतो, तेथे तेलाचा थर टिकत नाही, आणि उष्णता व दाब मात्र तेथेच सर्वांत अधिक. म्हणून सिलिंडर वरच्या बाजूस जास्त झिजतो, तळाशी थोडा. जिथवर रिंग पोहोचतच नाही तेथे एक कड उरते, आणि नखाला ती लागते. शिवाय कनेक्टिंग रॉड तिरका होऊन पिस्टनला बाजूस रेटतो, त्यामुळे गोल भोक अंडाकृती होते. म्हणून जाणता मिस्त्री एका सिलिंडरची सहा मापे घेतो: वर, मध्ये आणि खाली, आणि प्रत्येक ठिकाणी आडवे व उभे. क्रँकच्या जर्नलचेही तसेच. गोलाई गेली असेल तर नवे बेअरिंग घालून काही साधत नाही. ते थोड्याच दिवसांत वाजू लागते.

ज्याच्याजवळ बोअर मापण्याचे गेज नाही, त्याची एक जुनी युक्ती आहे. रिंग सिलिंडरच्या तळाशी सरळ बसवायची, तिच्या दोन टोकांतील फट फिलर गेजने मोजायची. मग तीच रिंग वर आणून पुन्हा मोजायची. दोहोंतील फरकाला 3.14 ने भागले की व्यासातील झीज कळते. फटीत 30 थाऊंचा फरक असेल तर बोअर सुमारे साडेनऊ थाऊ झिजला. शाळेत वर्तुळाचा परीघ घोकला तेव्हा मला त्याचा उपयोग कळला नव्हता. तो पुढे रॉकेलच्या परातीशेजारी बसून कळला.

आणि येथेच ती खूण पुन्हा भेटते. चाललेले इंजिन खोलताना मिस्त्री पहिल्या रॉडवर आणि त्याच्या कॅपवर एक ठिपका मारतो, दुसऱ्यावर दोन, याप्रमाणे. कॅप आणि रॉड यांची जोडी कारखान्यातच एकत्र बोअर केलेली असते, ती मोडता येत नाही. जे पिस्टन, जे व्हॉल्व्ह पुन्हा घालावयाचे, तेही आपापल्या जागी गेले पाहिजेत, कारण चालून चालून त्यांनी एकमेकांना घडविलेले असते. व्हिटनीच्या बंदुकीतील खूण 'भाग एकसारखे नाहीत' हे सांगत होती. आमच्या मिस्त्रीची खूणही तेच सांगते. ब्रुकलँड्सला जे नाहीसे झाले असे वाटले, ते काही हजार मैलांनंतर परत आले.

या परतण्यावर मुंबईत हजारो कुटुंबे जगली. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात इटालियन फियाटच्या नमुन्यावर ज्या गाड्या झाल्या, आणि ज्यांना पुढे पद्मिनी हे नाव मिळाले, त्यांच्या 1089 घनसेंटिमीटरच्या इंजिनाचा मूळ बोअर 68 मिलिमीटर. टॅक्सीत ते इंजिन झिजे, बोअर होऊन मोठा पिस्टन घेई, पुन्हा झिजे, पुन्हा बोअर होई, आणि शेवटी स्लीव्ह घालून मूळ मापावर येई. उत्पादन नव्या शतकाच्या आरंभी थांबले, तरी मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली ती 2023 सालच्या ऑक्टोबरात. एवढी वर्षे ती चालली याचे श्रेय नमुन्याला जसे आहे, तसेच पदपथावर बसून सहा मापे घेणाऱ्यांनाही आहे. यातील कित्येकांच्या नावापुढे कोणत्याही दप्तरात 'कुशल' हा शब्द कधी लागला नाही.

माझ्या स्वतःच्या कामातील एक प्रसंग सांगून आटोपतो. तीस-एक वर्षांपूर्वी एका आगारात बसचे इंजिन धावता धावता आवळले. ड्रायव्हरवर आरोपपत्र आले: तेल न पाहता गाडी हाकली. त्याला निलंबित केले. आम्ही हट्ट धरला की इंजिन दोन्ही पक्षांसमक्ष उघडा. तेल संपले असते तर सर्वच बेअरिंगांवर जखमा दिसल्या असत्या. उघडले तेव्हा सहापैकी पाच बिगएंड नीट होते. एकट्या चौथ्याचे शेल वितळून गेले होते. क्रँकमधील त्या जर्नलकडे जाणाऱ्या तेलाच्या वाटेत तार घातली, तर पिळलेल्या वेस्टचा बोळा बाहेर आला. मागच्या ओव्हरहॉलच्या वेळी तो आत राहिला होता. ड्रायव्हर सुटला.

पण कॅपवर पंचाची खूण होती, आणि कामाच्या वहीत तीच खूण कोणाची हे लिहिलेले होते. तो फिटरही आमचाच सभासद. संध्याकाळी तो माझ्याकडे येऊन म्हणाला, "भाऊ, इंजिन उघडा म्हणून तुम्हीच हटून बसला होता ना?" मला उत्तर सुचले नाही. दुसऱ्या चौकशीत आम्ही आणखी काही उघडावयास लावले: शेडमधील हवेचा कंप्रेसर कित्येक महिने बंद होता, तेलाच्या वाटा तारेला वेस्ट गुंडाळून साफ कराव्या लागत होत्या, आणि एका ओव्हरहॉलला दिलेले तास निम्म्यावर आणले होते. कंप्रेसर दुरुस्त झाला. तास थोडे वाढले. त्या फिटरची एक वेतनवाढ मात्र गेली. ती मी वाचवू शकलो नाही.

तेव्हापासून कोणी मला विचारले की युनियनवाल्याने इंजिनाचा इतिहास कशास वाचावा, तर मी ही गोष्ट सांगतो. माप किती झिजले ते सांगते. का झिजले हे कळावयाचे तर चौथ्या जर्नलपाशी न थांबता शेडपर्यंत, वहीपर्यंत आणि तासांच्या हिशेबापर्यंत उघडत जावे लागते. त्या फिटरने पुढे निवृत्त होईपर्यंत प्रत्येक कॅपवर आपली खूण केली. खूण न करता तो सहज सुटू शकला असता.